मिठाच्या नावाची लायब्ररी

प्रोग्रामरांनी उसन्या घ्याव्यात अशा तयार आज्ञांच्या संचालाही 'लायब्ररी' म्हणतात. संदेश गुप्त करण्यासाठी १९९८ मध्ये सुरू झालेली 'ओपन-एसएसएल' त्यांत सर्वांत प्रसिद्ध. तिच्यात पद्धती भरपूर. पण कोणती घ्यायची, कशाला काय जोडायचे, हे प्रोग्रामरनेच ठरवायचे. स्वयंपाक न येणाऱ्याच्या हाती मसाल्याचा डबाच की!

असे स्वातंत्र्य महागात पडते. २०१३ मध्ये संशोधकांनी गुप्तलेखनाची साधने वापरणारी ११,७४८ अँड्रॉइड अ‍ॅप्स तपासली. १०,३२७ मध्ये निदान एक चूक निघाली. नेहमीची चूक म्हणजे मजकुराचा प्रत्येक तुकडा सुटा गुप्त करणे. मग सारख्या तुकड्यांचे गुप्त रूपही सारखेच होते आणि मजकुराचा साचा बाहेरून दिसतो. गणित निर्दोष, वापर सदोष.

डॅनियल बर्नस्टाइन, तान्या लांगे व पीटर श्वाबे यांनी हे आधीच हेरले होते. २०१२ च्या निबंधात त्यांनी आपल्या लायब्ररीची रचना मांडली. नाव 'एनएसीएल', उच्चार 'सॉल्ट'. रसायनाच्या शिक्षकांना गंमत कळेलच. तिची 'क्रिप्टो बॉक्स' ही एकच आज्ञा संदेश गुप्त करते आणि वाटेत फेरफार झाल्यास तो ओळखता येईल अशी खूणही जोडते. पद्धत निवडण्याची कटकट उरत नाही. २०१३ मध्ये आलेल्या 'लिबसोडियम'ने हीच रचना नाना प्रकारच्या यंत्रांवर नेली.

एक काम मात्र प्रोग्रामरकडेच राहिले: दर संदेशाला २४ बाइटांची नवी संख्या देणे. त्याच किल्लीबरोबर तीच संख्या पुन्हा वापरली, तर गुपित फुटू शकते.