मांडवगडची शेते आणि उद्याने

मांडवगड म्हटले की जहाजमहाल आणि रूपमतीचा मंडप एवढेच बहुतेकांस आठवते. शाळांच्या सहलीही तेथेच धावतात. परंतु या वास्तूंच्या मधल्या जमिनीने काय राखून ठेविले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आमच्या मते मांडवचा अर्धा इतिहास त्या जमिनीतच आहे.

काकडा खोहाच्या खोल दरीने माळव्यापासून तोडलेले हे एक पठार होय. पंधराव्या शतकाच्या आरंभी होशंगशहाने धार सोडून येथे राजधानी आणिली. एवढ्या उंचीवर नगर पोसावयाचे, तर पावसाचे पाणी अडविणे प्राप्तच होते. मुंज तलाव, कापूर तलाव, सागर तलाव ही त्याचीच साक्ष. जहाजमहालाच्या छतावरील पाणी नागमोडी पन्हळींतून हौदात उतरे. ही योजना पाहिली म्हणजे विलासनगरीमागील व्यवहारबुद्धी ध्यानात येते.

१५६१ मध्ये बाजबहादुराचा पराभव झाला आणि मांडवचे स्वतंत्र वैभव ओसरले. १६१७ मध्ये जहांगीर येथे काही महिने राहिला, इमारतींची डागडुजीही झाली. पण नगर पुन्हा नांदले नाही. अठराव्या शतकात माळवा मराठ्यांकडे आला व धार येथे पवारांची सत्ता स्थिरावली. मांडवला मात्र कोठे रान माजले, कोठे नांगर फिरला. विसाव्या शतकाच्या आरंभी धार संस्थानाने झाडी तोडून जीर्णोद्धारास हात घातला. पुढे मुख्य वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आल्या आणि त्यांच्याभोवती हिरवळी व उद्याने झाली.

हे चांगलेच झाले. पण उद्यानात जे आले नाही, ते शेतांत उरले. त्यांत प्रमुख गोरखचिंच. लोक तिला खुरासानी इमली म्हणतात. वास्तविक हा वृक्ष मूळचा आफ्रिकेचा. पाणी साठविणारे अवाढव्य खोड, रात्री उमलणारी पांढरी फुले, आंबट गराची फळे. ही फळे आदिवासी स्त्रिया आजही रस्त्याकडेला विकतात. दूरदेशांशी मांडवचा जो संबंध होता, त्याची ही जिवंत खूण आहे. शिलालेखास कुंपण मिळाले; या वृक्षांस आधार होता तो त्यांना वळसा घालून नांगर हाकणाऱ्या शेतकऱ्याचाच.

अलीकडे धार जिल्ह्यातील शेतांतून असे काही वृक्ष उपटून हैदराबादजवळील एका खासगी उद्यानासाठी नेण्यात आले. ग्रामस्थांनी विरोध केला व प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. उद्यान शोभावे म्हणून शेत ओके करणे, ही इतिहासाची जपणूक नव्हे. वृक्ष दुसरीकडे कदाचित जगेलही. पण त्याची मांडवची ओळख मातीबरोबरच मागे राहते.

शेताचे उद्यान करावयाचे झाल्यास प्रथम पाण्याच्या वाटा, जुने वृक्ष आणि ते राखणारी माणसे यांची नोंद व्हावी. हिरवळीचा विचार मागाहून करावा. आम्हा शिक्षकांनी पुढच्या सहलीत मुलांना महालाबरोबर एखादे शेतही दाखवावे. इतिहास कसा टिकतो, हे त्यांना तेथे अधिक स्पष्ट कळेल.