ध्यान ही पळवाट आहे काय?

गेल्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या निमित्ताने आमच्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांची एक चर्चा झाली. मी ध्यानाच्या इतिहासावर थोडे बोललो. बोलणे संपताच मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी, जो चळवळीत काम करतो, उभा राहिला. म्हणाला, "सर, डोळे मिटून बसण्यासाठी बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला काय?" टाळ्या पडल्या. त्या टाळ्या मला लागल्या. कारण दहा वर्षांपूर्वी एका व्याख्यात्याला हाच प्रश्न मी विचारला होता, आणि तेव्हाही अशाच टाळ्या पडल्या होत्या.

हा प्रश्न प्रामाणिक आहे. तो टाळून चालणार नाही. ज्या समाजाला शतकानुशतके 'सहन कर, पूर्वजन्मीचे भोग आहेत' असे सांगण्यात आले, त्या समाजातील तरुणाला 'शांत बस, मनाकडे पाहा' हे शब्द ऐकताच संशय येणार. तो यायलाच हवा. पण संशय हा विचाराचा आरंभ आहे, शेवट नव्हे. म्हणून या प्रश्नाचा इतिहास तपासण्याचा हा प्रयत्न.

पहिली गोष्ट अशी की, आपल्या देशात डोळे मिटून बसण्याचा हक्कही सर्वांना नव्हता. रामायणाच्या उत्तरकांडातील शंबूकाचा वध तप केल्याबद्दल झाला. म्हणजे अंतर्मुख होणे हीसुद्धा एक मालमत्ता होती आणि तिची मालकी ठरलेली होती. याउलट बौद्ध परंपरेने काय जपून ठेवले ते पाहा. मनाच्या निरीक्षणाची पद्धत सांगणारे सतिपट्ठान सुत्त भगवान बुद्धांनी कुरू देशातील कम्मासधम्म या गावी सांगितले, असे पाली ग्रंथ म्हणतात. पाचव्या शतकातील बुद्धघोषाची अट्ठकथा त्यात भर घालते. त्या देशातील दास आणि कामकरी माणसेही पाणवठ्यावर आणि सूत कातण्याच्या जागी एकमेकांशी याच साधनेविषयी बोलत, असे ती सांगते. अट्ठकथा बुद्धानंतर जवळजवळ हजार वर्षांनी लिहिली गेली. तिला प्रत्यक्ष पुरावा मानता येणार नाही. परंतु एखादी परंपरा कोणती आठवण जपते आणि कोणती पुसते, हाही इतिहासच असतो. एका परंपरेने तप करणाऱ्या शूद्राचे मस्तक उडवल्याची आठवण ठेवली. दुसरीने पाणवठ्यावर मनाविषयी बोलणाऱ्या दासांची आठवण ठेवली. महाडच्या पाणवठ्याचा इतिहास ज्यांच्या रक्तात आहे, त्यांना यातला फरक समजावून सांगण्याची गरज नाही.

आता या सुत्तात मनाविषयी काय म्हटले आहे? काया, वेदना, चित्त आणि धम्म अशी निरीक्षणाची चार क्षेत्रे त्यात आहेत. चित्ताच्या भागात मन मारायला किंवा विचार बंद करायला कुठेही सांगितलेले नाही. चित्तात आसक्ती असेल तर ती आहे हे जाणावे, नसेल तर नाही हे जाणावे. द्वेष, मोह यांचेही तसेच. चित्त आखडलेले असेल तर आखडलेले आहे, विस्कटलेले असेल तर विस्कटलेले आहे, हे जाणावे. अशा सोळा अवस्था तेथे मोजल्या आहेत. येथे एक भाषिक गोंधळ दूर केला पाहिजे. पालीतला 'राग' म्हणजे आसक्ती. आपण मराठीत ज्याला राग म्हणतो त्याला पालीत 'दोस' म्हणतात. आपल्या वस्तीत 'राग सोडा' असा उपदेश होतो तेव्हा या दोन शब्दांची सरमिसळ होते आणि अन्यायाविरुद्धची चीडही पापाच्या यादीत जाते. राग आहे हे जाणणे वेगळे आणि राग गिळणे वेगळे. गिळण्याचे काम आपल्या आजोबा-पणजोबांनी पुष्कळ केले. त्यासाठी कोणत्याही साधनेची आवश्यकता नव्हती.

ही साधना पुढे भारतातून बौद्ध धम्माबरोबर जवळजवळ लुप्त झाली. ती परत आली ब्रह्मदेशातून, आणि तिच्या परतीचा इतिहास राजकीय आहे. इंग्रजांनी नोव्हेंबर १८८५ मध्ये मंडाले घेतले. राजा थिबाला पदच्युत करून आपल्या रत्नागिरीत आणून ठेवले. १९१६ साली तो तेथेच वारला. रत्नागिरीचा थिबा राजवाडा पाहायला आजही शाळांच्या सहली जातात. परंतु राजा गेल्यामुळे ब्रह्मदेशात संघाचा आश्रयदाता गेला आणि धम्म टिकणार कसा हा प्रश्न उभा राहिला, हे त्या सहलीत कोणी सांगत नाही. तोपर्यंत गृहस्थांनी दान द्यावे, पूजा करावी, ध्यान हा थोड्या भिक्षूंचा विषय, अशी वाटणी होती. लेडी सयाडो (१८४६–१९२३) या विद्वान भिक्षूने ती मोडली. राजा धम्म राखणार नसेल तर प्रत्येक माणसाने तो राखावा, अशी त्यांच्या कार्याची दिशा होती. त्यांनी गावोगाव फिरून सामान्य स्त्री-पुरुषांना अभिधम्म शिकवला, बर्मी भाषेत ग्रंथ लिहिले आणि ध्यान शिकवले.

त्यांच्याकडून ही साधना शिकवण्याची परवानगी मिळालेले सया थेटजी (१८७३–१९४५) हे भिक्षू नव्हते. ते रंगूनपलीकडच्या एका खेड्यातील शेतकरी होते. लहानपणी त्यांनी बैलगाडी हाकली होती. पटकीच्या साथीत त्यांची मुले गेली, त्या दुःखातून ते या मार्गाला लागले. त्यांचे शिष्य ऊ बा खिन (१८९९–१९७१) कारकून म्हणून नोकरीला लागले आणि १९४८ साली स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल झाले. त्यांनी आपल्या कचेरीतील माणसांनाही ध्यान शिकवले आणि १९५२ मध्ये रंगूनला केंद्र काढले. परतंत्र देशातील एक भिक्षू, मग एक शेतकरी, मग एक सरकारी नोकर, अशी ही साखळी आहे. हे सारे जगापासून पळालेले लोक होते असे म्हणता येणार नाही.

महाराष्ट्रात ब्रह्मदेशाचा वारसा दोन वेळा आला. प्रथम १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. नागपूरला बाबासाहेबांना त्रिशरण-पंचशील देणारे महास्थविर चंद्रमणी मूळचे ब्रह्मदेशाचे. नंतर जुलै १९६९ मध्ये, मंडालेत जन्मलेले मारवाडी व्यापारी आणि ऊ बा खिन यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३) यांनी मुंबईत पहिले शिबिर घेतले तेव्हा. १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरे सुरू झाली. या दोन प्रवाहांत तेरा वर्षांचे अंतर आहे, आणि त्यांचा सामाजिक उगमही निराळा आहे. एक दीक्षाभूमीवरच्या लाखोंच्या जमावातून वाहिला, दुसरा व्यापारी घरातून आला. पहिल्याची भाषा मुक्तीची आणि समतेची, दुसऱ्याची मनःशुद्धीची. आपल्या चळवळीला दुसऱ्याविषयी परकेपणा वाटला तो यामुळे. १९७९ नंतर त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाने पुण्यातून आपल्या वस्त्यांत ध्यानवर्ग सुरू केले तेव्हा हे अंतर काहीसे कमी झाले.

पण बाबासाहेबांचे काय? धर्मांतरानंतर आठ आठवड्यांच्या आत ते गेले. साधनेची रीत लोकांत रुजवण्यास त्यांना अवधी मिळाला नाही. मात्र १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांची भूमिका स्पष्ट आहे. निव्वळ एकाग्रतेवर ते समाधानी नाहीत. नुसत्या समाधीत मनातले अडथळे तात्पुरते थांबतात, मनाला कायमचे वळण लावते ती सम्यक समाधी, असा भेद ते करतात. सम्यक स्मृतीला ते मनाची अखंड जागृती म्हणतात. सिद्धार्थाच्या ध्यानाचे वर्णन करताना पहिल्या पायरीवर ते तर्क आणि अन्वेषण ठेवतात. पालीतील 'वितक्क-विचार' यांचा हा अर्थ त्यांनी जाणीवपूर्वक लावला, असे मला वाटते. त्यांच्या मते ध्यानाचा आरंभच विचाराने होतो. आणि वीस वर्षे आधी, १९३६ मध्ये, 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी जात ही विटांची भिंत नसून मनाची अवस्था आहे, असे प्रतिपादन केले होते. जात जर मनात राहत असेल तर मनाची झडती घेणे हे जातिअंताच्या कार्यक्रमाबाहेरचे काम कसे ठरेल?

सवर्णाच्या मनाची झडती आपण घेतली, आणि घेतलीच पाहिजे. स्वतःच्या मनाची झडती मी मात्र उशिरा घेतली. माझे आईवडील मराठवाड्यातून दरवर्षी ऊसतोडीला जात. घरातला मी पहिला पदवीधर. मी पहिल्यांदा दहा दिवसांच्या शिबिराला निघालो तेव्हा आई म्हणाली, "आरं लेकरा, डोळे झाकून बसल्यानं काय व्हतंय? आमी तर जल्मभर डोळे झाकूनच राबलो." माझ्याकडे उत्तर नव्हते.

तेथे पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास पाहायचा असतो, नंतर अंगावरच्या संवेदना. मौन असते. पाचव्या की सहाव्या दिवशी एक जुना प्रसंग वर आला. नोकरीच्या सुरुवातीला शिक्षकांच्या खोलीत एका ज्येष्ठ सहकाऱ्याने सर्वांसमोर विचारले होते, "तुमचा नंबर कोणत्या कोट्यातून लागला?" मला वाटले होते, हा प्रसंग आठवला तर त्यांच्यावरचा संताप वर येईल. आले ते निराळेच. त्या दिवशी मी हसलो होतो. तो माझा हसरा चेहरा मला दिसला, आणि खांदे आत ओढले गेलेले जाणवले. बसल्या जागी ते पुन्हा तसेच ओढले गेले होते. विचार येण्यापूर्वीच शरीर वाकले होते.

प्रतीत्यसमुत्पादात स्पर्शातून वेदना, वेदनेतून तृष्णा अशी कड्यांची साखळी आहे. हे मी वर्गात अनेकदा शिकवले होते. शब्द कानावर पडणे हा स्पर्श. अंग आखडणे ही वेदना. हसून वेळ मारून नेणे ही त्यातून आलेली, सुटका शोधणारी प्रतिक्रिया. ती माझ्या एकट्याची नव्हती, ती कित्येक पिढ्यांची सवय होती. साखळी दिसली तेव्हा प्रथमच कळले की वेदना आणि प्रतिक्रिया यांच्यामध्ये हात घालता येण्याएवढी जागा आहे.

दोन वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा निघाला. खांदे पुन्हा आखडले. ते मला कळले. मी हसलो नाही. म्हणालो, "सर, हा प्रश्न कृपया लेखी विचारा, मी लेखी उत्तर देईन." त्यांनी विचारला नाही. यामुळे त्या खोलीतली जात गेली, असा माझा दावा नाही. लेखी तक्रार, संघटना, कायदा यांची गरज तसूभरही कमी झाली नाही. फक्त ती हत्यारे उचलणारा हात आता आखडत नाही.

तरीही एक इशारा दिलाच पाहिजे. १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबाट-झिन यांनी ताणतणावाच्या रुग्णांसाठी स्मृतिसाधनेचा अभ्यासक्रम सुरू केला. दुखण्याने त्रासलेल्यांना त्याचा उपयोग झाला, हे मान्य. पण पुढे 'माइंडफुलनेस' या नावाने ती कचेऱ्यांच्या बाजारात गेली. जास्त काम लादायचे आणि थकलेल्यालाच श्वास पाहायला सांगायचे, हा तेथला व्यवहार. अष्टांगिक मार्गात सम्यक स्मृती एकटी नाही. तिच्याबरोबर सम्यक आजीविका आहे, सम्यक दृष्टी आहे. ती सोबत तोडली की ध्यान खरोखरच पळवाट होते, आणि ती वाट मालकाच्या सोयीची असते. दुःखाचे कारण पाहायचे म्हणजे मनातले पाहायचे तसेच बाहेरचेही पाहायचे. बाबासाहेबांचा सिद्धार्थ घर सोडतो तो रोहिणी नदीच्या पाण्यावरून पेटलेल्या शाक्य-कोलियांच्या वादातून, हे आपण विसरू नये.

माझी सूचना साधी आहे. आपल्या विहारांत रविवारी वंदना झाल्यावर अर्धा तास बसावे आणि त्यानंतर अर्धा तास वस्तीच्या प्रश्नांवर बोलावे: शिष्यवृत्ती, पाणी, पोलीस ठाण्यात न नोंदवलेली तक्रार. आमच्या गावी आम्ही हे सुरू केले आहे. प्रश्न विचारणारा तो विद्यार्थीही येतो. त्याची एक अट होती की बैठक आधी आणि बसणे नंतर. ती मी मान्य केली आहे. आई मागे भिंतीला टेकून बसते. डोळे मात्र ती अजून मिटत नाही.