अल्गोरिदमीय पूर्वग्रह

अल्गोरिदमीय पूर्वग्रह : एखादे उत्तर काढण्यासाठी क्रमाने करावयाच्या निश्चित क्रियांच्या संचास अल्गोरिदम म्हणतात. त्यानुसार चालणाऱ्या संगणकीय प्रणालीच्या निर्णयांमुळे विशिष्ट वंश, लिंग वा समाजगट यांतील व्यक्तींवर सातत्याने अन्याय होत असल्यास त्या दोषास अल्गोरिदमीय पूर्वग्रह अशी संज्ञा आहे. क्वचित होणारी चूक या संज्ञेत मोडत नाही. चुकांचा कल एकाच दिशेने असणे व त्यांचा भार विशिष्ट गटावर पडणे, ही या दोषाची लक्षणे होत. बात्या फ्रीडमन व हेलेन निसेनबाम यांनी १९९६ साली त्याचे तीन प्रकार सांगितले : समाजात आधीपासून असलेला, तांत्रिक कारणांनी उद्‌भवणारा आणि प्रणाली वापरात आल्यानंतर निर्माण होणारा. यांतील पहिल्या प्रकाराचे एक जुने व बोधप्रद उदाहरण ब्रिटनमध्ये घडले.

सेंट जॉर्जेस प्रकरण : लंडनमधील सेंट जॉर्जेस हॉस्पिटल मेडिकल स्कूल या वैद्यकीय महाविद्यालयाकडे त्या काळी प्रतिवर्षी सु. २,५०० अर्ज येत. त्यांपैकी सु. तीन-चतुर्थांश अर्ज प्राथमिक छाननीतच बाद होत. मुलाखतीपर्यंत पोहोचलेल्या बहुसंख्य उमेदवारांना मात्र प्रवेश मिळे. त्यामुळे उमेदवाराचे भवितव्य मुख्यतः छाननीत ठरत असे. हे काम कष्टाचे होते व परीक्षकांपरत्वे त्यात फरक पडे. ते जलद व एकसारखे व्हावे, या हेतूने महाविद्यालयातील जेफ्री फ्रँग्लेन यांनी एक संगणक कार्यक्रम तयार केला. तो १९७९ मध्ये पूर्ण झाला. त्याचे निर्णय व निवड समितीचे निर्णय ९० ते ९५% अर्जांच्या बाबतीत जुळल्याने १९८२ पासून सर्व प्राथमिक छाननी त्याच्याकडे सोपविण्यात आली.

या यशातच दोषाचे मूळ होते. समितीच्या पूर्वीच्या निर्णयांशी मेळ बसेल अशा रीतीने कार्यक्रमातील घटकांना भार दिलेले होते. प्रवेश-अर्जात वंशाचा उल्लेख नसे. परंतु आडनाव व जन्मस्थान यांवरून अर्जदार युरोपीय वंशाचा आहे की नाही, हे कार्यक्रम ठरवी. अर्जदार युरोपीयेतर किंवा स्त्री असल्यास त्याचा गुणांकनावर प्रतिकूल परिणाम होई. समितीच्या सदस्यांच्या मनात अस्फुटपणे वावरणारी पसंती अशा प्रकारे अंकांत लिहिली गेली.

महाविद्यालयातीलच दोन अध्यापकांनी १९८६ मध्ये ही बाब वांशिक समतेसाठी नेमलेल्या आयोगापुढे मांडली. १९७६ च्या वंशसंबंध अधिनियमान्वये स्थापन झालेल्या या आयोगाने चौकशी करून १९८८ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला व महाविद्यालयास भेदभावाबद्दल दोषी ठरविले. वंश वा लिंग यांमुळे प्रतिवर्षी ६० पर्यंत अर्जदार मुलाखतीस मुकले असावेत, असे त्यात आढळले. विशेष म्हणजे, लंडनमधील इतर बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांच्या तुलनेने येथे युरोपीयेतर विद्यार्थ्यांचे प्रमाण अधिक होते. अन्यत्र असा भेदभाव होत असल्यास तो समित्यांच्या बंद दाराआड राही. येथे तो भारांच्या रूपाने लेखी असल्यामुळे सिद्ध करता आला. संगणकाने नवा पूर्वग्रह निर्माण केला नव्हता. जुन्या पूर्वग्रहाला त्याने नियमाचे सातत्य आणि तटस्थतेचे रूप दिले. पूर्वीच्या निर्णयांशी जुळणे हा अचूकतेचा पुरावा मानला गेला. ते निर्णय न्याय्य होते काय, हे तपासले गेले नाही.

नंतरची उदाहरणे : यंत्र-अध्ययनाच्या पद्धतींत भार माणूस लिहीत नाही, तर ते संचित माहितीवरून प्रणालीच ठरविते. त्यामुळे सेंट जॉर्जेसमध्ये शक्य झालेली उकल अधिक अवघड झाली. जॉय बुओलाम्विनी व टिमनिट गेब्रू यांनी १९१८ नंतर शतकाने, म्हणजे २०१८ मध्ये, चेहऱ्यावरून लिंग ओळखणाऱ्या तीन व्यापारी प्रणाली तपासल्या. गौरवर्णी पुरुषांबाबत चुकांचे प्रमाण जास्तीत जास्त ०·८%, तर कृष्णवर्णी स्त्रियांबाबत ते ३४·७% पर्यंत आढळले. अमेरिकेतील एका आरोग्यविषयक प्रणालीत उपचारांवरील खर्च हे आजाराच्या तीव्रतेचे माप मानले होते. कृष्णवर्णीयांवर मुळात कमी खर्च होत असल्याने तितकेच आजारी असूनही ते जादा साहाय्यास कमी पात्र ठरत, असे २०१९ मध्ये दाखविण्यात आले. नेदर्लंड्समध्ये बालसंगोपन अनुदानाच्या जोखीम-गणनेत नागरिकत्व हा एक निकष होता. अनुदान प्रकरणात हजारो कुटुंबांवर लबाडीचा खोटा ठपका आला आणि जानेवारी २०२१ मध्ये तेथील मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

उपाय व मर्यादा : वंश वा लिंग यांची नोंद वगळणे हा उपाय अपुरा आहे, कारण आडनाव, जन्मस्थान वा खर्च यांसारख्या घटकांतून ती माहिती अप्रत्यक्षपणे शिरते. गटवार चुकांची तपासणी, निर्णयाची कारणे कळण्याची सोय व माणसाकडे दाद मागण्याचा हक्क या तरतुदी आवश्यक मानल्या जातात. न्याय्यतेचे निरनिराळे गणिती निकष सामान्यतः एकाच वेळी पूर्ण करता येत नाहीत, हे २०१६ च्या सुमारास सिद्ध झाले. त्यामुळे कोणता निकष स्वीकारावा, हा प्रश्न अखेर समाजाने सोडवावयाचा असतो. यूरोपीय संघाने २०२४ मध्ये केलेल्या कृत्रिम बुद्धिमत्ताविषयक कायद्यात शैक्षणिक प्रवेश ठरविणाऱ्या प्रणालींचा समावेश उच्च जोखमीच्या वर्गात केला आहे.