नराचा कान : डासांच्या श्रवणाविषयीच्या संशोधनाचा इतिहास

१

मृगाच्या आधीचे पंधरा-वीस दिवस भंडारदऱ्याच्या परिसरात रात्री मोठी वर्दळ असते. शेंडीपासून रतनवाडी, साम्रद, घाटघरपर्यंतच्या रानात हिरडा, बेहडा, सादडा, उंबर अशा झाडांवर काजवे जमतात, आणि एकेक झाड लयीत उजळते व विझते. ते पाहावयास नाशिक, पुणे, मुंबई येथून माणसे येतात. काजव्याचा प्रकाश हा प्रणयसंकेत होय. नर विशिष्ट लयीने प्रकाश फेकतो व मादी आपल्या प्रकाशाने त्याला उत्तर देते. वाहनांचे दिवे व विजेऱ्या यांच्या झोतात हा संकेत हरवतो. म्हणूनच १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात काजव्यांच्या दिवसांत पर्यटकांवर निर्बंध घालण्याची वेळ वनखात्यावर आली.

दुसरा एक प्रणयव्यवहार तिन्हीसांजेलाच सुरू होतो. तो पाहावयास मात्र कोणी येत नाही. गोठ्याच्या कडेला किंवा वाटेवरच्या एखाद्या झुडपावर डासांच्या नरांचा थवा वरखाली होत असतो. त्यात मादी शिरली की तिच्या पंखांच्या आवाजावरून नर तिला ओळखतो व हवेतच तिच्याशी संग करतो. काजव्याच्या ठिकाणी जे कार्य प्रकाश करतो तेच येथे ध्वनी करतो. माणसाच्या दृष्टीने पहिला व्यवहार सौंदर्याचा व दुसरा उपद्रवाचा ठरला. या भेदाचा परिणाम केवळ पर्यटनावर झाला असे नाही, तर विज्ञानाच्या वाटचालीवरही झाला.

डासाला कान आहेत ही गोष्ट १८५५ पासून ज्ञात होती. हिवतापाचा प्रसार डासाकडून होतो हे रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबाद येथे १८९७ मध्ये दाखविले. म्हणजे पहिले ज्ञान दुसऱ्यापेक्षा चाळीस वर्षांनी जुने. असे असूनही रोगनिवारणाच्या विचारात डासाच्या श्रवणाला जवळजवळ शतकभर स्थान मिळाले नाही. उपकरणांची उणीव हे त्याचे एक कारण खरे. परंतु मुख्य कारण वेगळे आहे. ऐकतो तो नर आणि चावते ती मादी. वैद्यकाने मादीचा प्रश्न विचारला. नराचा प्रश्न ज्यांनी विचारला त्यांचा रोगाशी संबंध नव्हता.

२

डासाच्या शृंगिकेच्या तळाशी कांद्याच्या आकाराचा एक फुगीर भाग असतो. बाल्टिमोर येथील वैद्य क्रिस्टोफर जॉन्स्टन यांनी १८५५ मध्ये या भागाचे वर्णन प्रसिद्ध केले व ते श्रवणेंद्रिय असावे असे प्रतिपादन केले. आज तो 'जॉन्स्टनचे इंद्रिय' म्हणून ओळखला जातो. ईडिस ईजिप्ती जातीच्या नरात त्यामध्ये सुमारे पंधरा हजार संवेदी पेशी असतात. मादीत त्यांची संख्या सुमारे निम्मी भरते. मनुष्याच्या एका कानातील रोमपेशींची संख्याही पंधरा-सोळा हजारांच्या घरात आहे, हे लक्षात घेतले म्हणजे एवढ्याशा जीवाने श्रवणावर केलेला खर्च ध्यानात येतो.

जॉन्स्टन यांचे मत शरीररचनेवरून बांधलेले अनुमान होते. त्याला प्रयोगाचा आधार मिळाला तो १८७४ मध्ये, आणि तोही एका भौतिकीच्या प्राध्यापकाकडून. होबोकेन येथील स्टीव्हन्स तंत्रसंस्थेतील आल्फ्रेड मेयर यांनी एक नर डास लाखेने काचपट्टीवर चिकटविला, सूक्ष्मदर्शक त्याच्या शृंगिकेवर रोखला आणि जवळ निरनिराळे नादकाटे वाजविले. सेकंदाला ५१२ कंपने करणाऱ्या नादकाट्याला शृंगिकेवरील काही केसांनी सर्वांत जोमाने साथ दिली. केसावर ध्वनी आडव्या दिशेने आला असता कंपन अधिक होते, असेही त्यांना आढळले. यावरून त्यांनी असा तर्क केला की, दोन्ही शृंगिकांतील कंपनांची तुलना होईल अशा रीतीने नर आपले डोके वळवितो व मादीची दिशा निश्चित करतो. मेयर यांचे कुतूहल ध्वनिशास्त्राचे होते. डास हे त्यांच्या लेखी निसर्गाने घडविलेले एक अनुनादक यंत्र होते.

तिसरी नोंद तर यंत्रज्ञाची आहे. मॅक्सिम तोफेचे जनक हायरम मॅक्सिम हे १८७८ मध्ये साराटोगा स्प्रिंग्ज येथील एका हॉटेलात विजेचे दिवे बसवीत होते. एका यंत्रातून सतत एक सूर निघे व त्याच्याभोवती डासांची गर्दी होई. दिव्याचा प्रकाश हे कारण म्हणावे तर इतर दिव्यांजवळ तशी गर्दी नव्हती. पकडून पाहता ते सर्व नर निघाले. हा सूर मादीच्या पंखांच्या आवाजाशी जुळतो, हा मॅक्सिम यांचा निष्कर्ष होता. त्या वेळी त्यांचे म्हणणे कोणी मनावर घेतले नाही. अखेर १९०१ मध्ये त्यांनी ते लंडनच्या 'टाइम्स'ला पत्राने कळविले. तोवर डास हा जगभर वैद्यकाचा विषय झाला होता. परंतु वैद्यकाला हवी असलेली माहिती या पत्रात नव्हती.

३

वैद्यकाला काय हवे होते ते मुंबई इलाख्याच्या इतिहासावरून स्पष्ट होते. चार्ल्स बेंटली यांचा मुंबई शहरातील हिवतापावरचा अहवाल १९११ चा व गॉर्डन कोव्हेल यांचा १९२८ चा. भंडारदरा येथे प्रवरेवर विल्सन धरण बांधले गेले ते १९१० ते १९२६ या काळात, म्हणजे जवळजवळ या दोन अहवालांच्या दरम्यान. डास कोठे अंडी घालतो, हा त्या काळचा मुख्य प्रश्न होता. मुंबईत ॲनोफेलीस स्टीफन्सी विहिरींत व टाक्यांत वाढतो. दख्खनच्या ग्रामीण भागातील ॲनोफेलीस क्युलिसिफेसीस पाट, कालवे व पाझराची डबकी पसंत करतो, तर ॲनोफेलीस फ्लुविअॅटिलिसला सह्याद्रीतील ओढ्यांच्या संथ कडा मानवतात. पाण्याचा प्रत्येक नवा साठा आणि प्रत्येक नवा पाट यांच्याकडे त्यामुळे अळ्यांच्या संभाव्य जागा म्हणून पाहिले जाऊ लागले. अळी आणि रक्त पिणारी मादी या दोन टोकांमध्येच संशोधन फिरत राहिले. फुलांतील मध व वनस्पतींचे रस यांवर जगणारा, रोग न वाहणारा नर या चित्रात नव्हता.

याला उल्लेखनीय अपवाद आहे. मद्रास इलाख्यात काम करणारे पॉल रसेल व टी. रामचंद्र राव यांनी १९४२ मध्ये क्युलिसिफेसीसचे थवे, समागम व अंडी घालणे यांवर शोधनिबंध लिहिला. हेच राव पुढे मुंबई प्रांताच्या हिवताप-यंत्रणेत आले, आणि डी. के. विश्वनाथन यांच्यासह कारवार व धारवाड या भागांत डी.डी.टी. फवारणीच्या कार्यात सहभागी झाले. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे संचालकपदही त्यांनी नंतर भूषविले. डासाच्या वर्तनाचा बारकाईने अभ्यास करणारा हा संशोधक फवारणीच्या मोहिमेत गुंतला, यात व्यक्तीचा दोष नाही. १९५३ मध्ये देशात वर्षाला साडेसात कोटी रुग्ण व आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. घराच्या भिंतीवर औषध फवारून विसावणारी मादी मरत असेल, तर थव्यातील नर काय ऐकतो याचा विचार करण्याची उसंत कोणाला असणार? १९६५ पर्यंत रुग्णसंख्या एक लाखाच्या आसपास आली आणि या पद्धतीवरील विश्वास दृढ झाला. १९७६ मध्ये ती पुन्हा चौसष्ट लाखांवर गेली, तेव्हा त्या विश्वासाला तडा गेला.

४

दरम्यान नराच्या कानाविषयीचे ज्ञान संथपणे वाढत होते. अमेरिकेतील लुई रॉथ यांनी १९४८ मध्ये ईडिस ईजिप्तीच्या लैंगिक वर्तनाचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. उडणाऱ्या मादीकडे नर धावतो, पण तीच मादी स्वस्थ बसली असता तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही, असे त्यांना आढळले. मादीऐवजी नादकाटा वाजविला तरी नर येतो व जवळच्या कापडाला बिलगतो. सेकंदाला सुमारे ३०० ते ८०० कंपनांच्या टप्प्यात हा प्रतिसाद मिळतो. शृंगिका काढून टाकल्यास तो थांबतो. कोशातून नुकताच बाहेर पडलेला नर जवळजवळ बहिरा असतो, कारण शृंगिकेवरील केस तोवर उभारलेले नसतात. या प्रयोगांनी मेयर यांचा तर्क वर्तनाच्या पातळीवर सिद्ध केला.

हे ज्ञान वापरण्याचा प्रयत्नही त्याच सुमारास झाला. मॉर्टन कान व विल्यम ऑफेनहाउझर यांनी १९४५ मध्ये डासांचे ध्वनिमुद्रण केले. १९४९ मध्ये क्यूबातील क्षेत्रीय प्रयोगांचा वृत्तांत त्यांनी प्रसिद्ध केला. मुद्रित आवाजाने डासांना बोलावून विजेच्या जाळीवर मारण्याची ती योजना होती. डी.डी.टी.च्या ऐन भराच्या त्या काळात तिचा पाठपुरावा झाला नाही. शिवाय एक अडचण मूलभूत होती. एक नर अनेक माद्यांना फलित करू शकतो; म्हणून काही नर मारल्याने संतती थांबत नाही.

नराचे महत्त्व वाढले ते वंध्य नर सोडून डासांची पैदास रोखण्याच्या कल्पनेने. मादी बहुधा एकदाच फलित होते व ते शुक्रबीज आयुष्यभर पुरविते; तो एकच समागम वंध्य नराशी झाला तर तिची सारी अंडी वाया जातात. १९६७ मध्ये हान्स लावेन यांनी रंगूनजवळील ओक्पो गावी विसंगत वंशाचे नर सोडून क्यूलेक्स डासांवर हा प्रयोग यशस्वी केला. दिल्लीत जागतिक आरोग्य संघटना व भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांचा असाच प्रकल्प १९६९ ते १९७५ पर्यंत चालला. बाहेरच्या, आधीच फलित झालेल्या माद्या प्रयोगक्षेत्रात येत राहिल्याने अपेक्षित यश आले नाही. पुढे प्रकल्पाच्या हेतूविषयी संशय व्यक्त होऊन सोनिपत येथील नियोजित प्रयोगही रद्द झाला. तथापि या प्रयत्नांनी एक प्रश्न पुढे आणला. प्रयोगशाळेत वाढविलेला नर रानातील नराच्या बरोबरीने मादी मिळवील काय? त्याचे उत्तर बऱ्याच अंशी त्याच्या कानावर आणि पंखांवर अवलंबून आहे.

५

या प्रश्नाला नवी दिशा मिळाली ती एकविसाव्या शतकात. गॅब्रिएला गिब्सन व इयन रसेल यांनी २००६ मध्ये टॉक्सोऱ्हिंकायटिस जातीच्या डासांत दाखविले की, नर व मादी एकमेकांजवळ उडताना आपापल्या पंखांची गती बदलून सूर जुळवितात. त्यापूर्वी मादीला ऐकू येते हेच सहसा मान्य नव्हते. २००९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील लॉरेन केटर व त्यांचे सहकारी यांनी ईडिस ईजिप्तीमधील मेळ वेगळा असल्याचे सांगितले. या जातीच्या मादीचा मूळ सूर सेकंदाला सुमारे ४०० कंपनांचा व नराचा ६०० चा. मूळ सूर जुळत नाहीत. जुळतात ते त्यांचे उपस्वर.

तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गंधार ऐकणाऱ्या श्रोत्याला ही कल्पना परकी नाही. कोणत्याही सुरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर निघतात. ४०० ची तिप्पट १२०० व ६०० ची दुप्पटही १२००. मादीचा सूर षड्ज मानला तर नराचा सूर पंचम ठरतो, आणि दोघांची भेट या वरच्या स्वरावर होते.

या मेळाचा अर्थ काय, याविषयी मात्र मतभेद आहेत. क्यूलेक्स डासांवरील अभ्यासात बेन वॉरेन, गिब्सन व रसेल यांनी २००९ मध्येच असे सुचविले की, नर प्रत्यक्षात दोन सुरांच्या फरकातून निर्माण होणारा खालचा स्वर ऐकतो. वरील आकडे घेतले तर तो ६०० वजा ४००, म्हणजे २०० कंपनांचा. हा फरक निर्माण होण्यास नराचे स्वतःचे पंख फिरत असावे लागतात. म्हणजे उडणाऱ्या नरालाच मादी नीट ऐकू येते. अनेक ॲनोफेलीस नरांच्या शृंगिकेवरील केस केवळ सायंकाळी उभारले जातात, हेही येथे लक्षणीय आहे. २०२४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील क्रेग माँटेल यांच्या गटाने श्रवणाला आवश्यक असे एक जनुक निकामी करून बहिरे डास तयार केले. बहिऱ्या नरांनी माद्यांच्या सहवासातही समागम केला नाही. बहिऱ्या माद्या मात्र फलित झाल्या. जॉन्स्टन यांच्या अनुमानाला जनुकाच्या पातळीवर पुष्टी मिळण्यास १६९ वर्षे लागली.

६

अर्धवट ज्ञानाचा बाजार कसा होतो, हेही या इतिहासात दिसते. आवाजाने डास पळविणारी विजेची उपकरणे भारतात सर्रास विकली जातात. 'नराचा आवाज ऐकून फलित मादी दूर जाते' असा युक्तिवाद त्यामागे केला जातो. २००७ मध्ये कॉक्रेन संस्थेच्या पाहणीत दहा क्षेत्रीय अभ्यास तपासण्यात आले. अशा उपकरणांमुळे चावे कमी होतात याला त्यांत काहीच आधार मिळाला नाही. नराला बोलावणारा सूर असतो, यावरून मादीला हाकलणारा सूरही असलाच पाहिजे असे अनुमान निघत नाही. रक्त शोधणारी मादी मुख्यतः श्वासातील कार्बन डायऑक्साइड, शरीराचा गंध व उष्णता यांच्या मागावर असते.

काजव्यांच्या बाबतीत संकेताची जाण संरक्षणाच्या कामी आली. तो संकेत प्रकाशाचा आहे हे कळले म्हणून विजेरी विझवावी हे कळले. डासांच्या बाबतीत तशीच जाण नियंत्रणाच्या कामी येऊ शकते. पण त्यासाठी ज्या प्राण्याला माणूस केवळ शत्रू म्हणून पाहतो त्याच्या निरुपद्रवी अर्ध्या भागाकडे पाहावे लागते. घाटघर किंवा रतनवाडीच्या गोठ्याशेजारी सायंकाळी थवा कोणत्या जातीचा आहे, तो किती उजेडात जमतो व त्याचा सूर किती कंपनांचा आहे, या नोंदी घेण्यास साधा ध्वनिमुद्रक, घड्याळ व डास पकडण्याची जाळी पुरेशी आहे. मेयर यांच्यापाशी तर नादकाटे, लाख आणि सूक्ष्मदर्शक एवढेच होते.