नाझकाच्या रेषा : पाहण्यासाठी की चालण्यासाठी?

पेरू या देशाची राजधानी लिमा. तिच्या दक्षिणेस सुमारे ४०० किलोमीटरवर, नाझका आणि पाल्पा या गावांच्या दरम्यान, एक विस्तीर्ण आणि वैराण पठार आहे. या पठारावर व भोवतालच्या टेकड्यांच्या उतारांवर, सुमारे ४५० चौरस किलोमीटरच्या टापूत, जमिनीवरच रेखाटलेल्या शेकडो आकृत्या आहेत. मैलोन्‌मैल नाकासमोर धावणाऱ्या आठशेहून अधिक सरळ रेषा आहेत. समलंब चौकोन, त्रिकोण, सर्पिल अशा भौमितिक रचना आहेत. आणि या सर्वांत जगभर गाजलेली प्राण्यापक्ष्यांची चित्रे आहेत. शेपटीचे वेटोळे केलेले माकड, ४६ मीटर लांबीचा कोळी, १३४ मीटर लांबीचा गिधाडसदृश कोंडोर. १९९४ साली युनेस्कोने या रेषांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

नाझकाविषयी मराठीत लिहिले जाते तेव्हा 'गूढ', 'अनाकलनीय', 'न उलगडलेले कोडे' ही विशेषणे ठरलेली असतात. प्रस्तुत लेखात त्या गूढाची पुन्हा एकदा उजळणी करण्याचा हेतू नाही. हे गूढ कधी निर्माण झाले, कोणत्या प्रश्नामुळे ते वाढत गेले आणि तो प्रश्न बदलल्यावर त्याचे काय झाले, एवढेच येथे पाहायचे आहे.

रेषा कशा काढल्या?

सर्वांत सोपा भाग हाच आहे, आणि नेमका तोच पुष्कळदा सांगायचा राहून जातो. या पठाराचा पृष्ठभाग लहानमोठ्या दगडगोट्यांनी झाकलेला आहे. लोह व मँगनीज यांच्या ऑक्साइडांचा पातळ थर चढल्याने हे दगड काळपट तांबूस दिसतात. ते उचलून बाजूला सारले की खालची फिकट पिवळसर माती उघडी पडते. उचललेल्या दगडांची दोन्ही कडांना रांग लावली की रेषा तयार होते. खोदकाम नाही, रंग नाही. रेषेची खोली बहुतेक ठिकाणी १० ते ३० सेंटिमीटर. येथे वर्षाकाठी काही मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणून एकदा सरकवलेला दगड दोन हजार वर्षे तिथेच पडून राहू शकला.

हे काम कोणी केले याविषयीही अभ्यासकांत मोठा वाद नाही. यातील बहुसंख्य आकृत्या साधारणपणे इ. स. पूर्व ५०० ते इ. स. ५०० या काळातल्या आहेत. सर्वांत जुन्या पाराकास संस्कृतीच्या लोकांनी काढल्या, आणि पुढे त्यांच्याच परंपरेतून घडलेल्या नाझका संस्कृतीने हे काम कळसाला नेले. नाझका लोकांची रंगीत मातीची भांडी आणि वस्त्रे विपुल प्रमाणात सापडली आहेत. जमिनीवर जे प्राणी दिसतात, त्यांतले बरेच या भांड्यांवर आणि वस्त्रांवरही आहेत.

एवढी मोठी आकृती प्रमाणबद्ध काढणेही अशक्य नाही. खुंट आणि दोरी यांच्या साहाय्याने लहान चित्र मोठे करता येते. जो निकेल या अमेरिकन संशोधकाने १९८२ साली केंटकी राज्यातील एका शेतात मूठभर मदतनीसांना हाताशी धरून कोंडोरची पूर्णाकृती प्रत अशीच काढून दाखवली. वरून मार्गदर्शन करणाऱ्या कोणाचीही त्यांना गरज भासली नाही.

प्रश्न कुठून आला?

मग गूढ उरते कुठे? ते 'कशासाठी?' या प्रश्नात आहे. आणि हा प्रश्न आपल्यापर्यंत ज्या शब्दांत पोचला, त्या शब्दांनाही एक इतिहास आहे.

तोरिब्यो मेहिया शेस्पे या पेरूच्या पुरातत्त्वज्ञाने १९२० च्या दशकात या रेषांचा पहिला शास्त्रीय अभ्यास केला. तो पायी फिरणारा संशोधक होता. १९३९ साली त्याने आपले निष्कर्ष मांडले तेव्हा या रेषांना त्याने 'पवित्र मार्ग' म्हटले. जमिनीवरून चालणाऱ्याला त्या रस्त्यांसारख्या दिसल्या, यात नवल नाही.

मात्र त्याच सुमारास पेरूच्या आकाशात विमाने उडू लागली होती, आणि नाझकाची कीर्ती झाली ती विमानातून. पॉल कोसोक हा अमेरिकन इतिहासकार प्राचीन सिंचनव्यवस्थेच्या अभ्यासासाठी तिथे गेला होता. २२ जून १९४१ रोजी, म्हणजे दक्षिण गोलार्धातील सर्वांत लहान दिवसाच्या आसपास, एका रेषेच्या टोकाशी सूर्य मावळताना त्याने पाहिला. हे पठार म्हणजे जगातील सर्वांत मोठा खगोलशास्त्रीय ग्रंथ आहे, असे त्याचे मत बनले.

त्याचे काम पुढे नेले मारिया राइशे यांनी. १९०३ साली ड्रेस्डेन येथे जन्मलेल्या या गणिताच्या विद्यार्थिनी १९३२ साली मुलांच्या शिक्षिका म्हणून पेरूला आल्या आणि अखेर नाझकाच्याच झाल्या. शिडी, मोजपट्टी आणि झाडू एवढ्या साधनांनिशी त्यांनी वर्षानुवर्षे रेषा साफ केल्या, मोजल्या, नकाशांवर उतरवल्या. १९९८ साली त्यांचे निधन झाले. या रेषा आज शिल्लक आहेत याचे फार मोठे श्रेय त्यांचे आहे. त्यांचा खगोलशास्त्रीय सिद्धान्त मात्र टिकला नाही. स्टोनहेंजच्या अभ्यासामुळे प्रसिद्ध झालेले जेराल्ड हॉकिन्स यांनी १९६८ साली नाझकाच्या रेषांच्या दिशा संगणकावर तपासल्या. सूर्यचंद्रताऱ्यांच्या स्थानांशी जुळणाऱ्या रेषा योगायोगाने जुळतील त्याहून फारशा अधिक निघाल्या नाहीत.

त्याच वर्षी एरिक फॉन डेनिकेन यांचे पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले. आकाशातून पाहता हे पठार विमानतळासारखे भासते, असे त्यांनी लिहिले आणि परग्रहवासीयांशी त्याचा संबंध जोडला. डेनिकेन यांच्या कल्पनांवर मराठीतही पुस्तके निघाली आणि हातोहात वाचली गेली. आमच्या पिढीतील अनेकांना नाझका हे नाव प्रथम कळले ते अशाच पुस्तकांतून. वस्तुतः एवढी भुसभुशीत जमीन अवजड यान उतरवण्यास सर्वस्वी निरुपयोगी आहे, हे राइशे यांनीच दाखवून दिले होते. पण वाचकाच्या मनात एक प्रश्न पक्का रुतून बसला : जे केवळ आकाशातून दिसते, ते जमिनीवर राहणाऱ्यांनी कोणासाठी काढले?

हा प्रश्न बिनतोड वाटतो. मात्र त्यात एक गृहीतक लपलेले आहे. चित्र हे पाहण्यासाठीच असते, आणि ते एका दृष्टिक्षेपात पूर्ण दिसले तरच सार्थ ठरते, असे आपण धरून चालतो. कागद, फळा, पडदा यांवर चित्रे पाहणाऱ्या समाजाचे हे गृहीतक आहे. नाझका लोकांचेही तेच होते, हे कोणी सिद्ध केले?

जमिनीवरून दिसणारे नाझका

पहिली गोष्ट म्हणजे 'केवळ आकाशातून दिसते' हे विधान अर्धसत्य आहे. मार्कुस राइंडेल आणि जॉनी इस्ला यांनी १९९७ पासून पाल्पा परिसरात केलेल्या कामातून स्पष्ट झाले की सर्वांत जुन्या, पाराकास काळातील आकृत्या टेकड्यांच्या उतारांवर आहेत. त्या खालच्या दरीतून सहज दिसतात. २०२० साली उजेडात आलेली ३७ मीटर लांबीची मांजराची आकृती अशीच उतारावरची आहे. सपाट पठारावर मोठ्या आकृत्या काढण्याची रीत नंतरची.

दुसरी गोष्ट या मोठ्या आकृत्यांच्या रचनेत आहे. त्यांपैकी अनेक एकाच अखंड रेषेने काढलेल्या आहेत. एका टोकाने आत शिरायचे, आकृतीच्या कडेकडेने चालत जायचे आणि रेषा कोठेही न ओलांडता दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचे. क्लाइव्ह रगल्स यांना १९८४ साली पठारावर चालत असताना एक वळणावळणांची वाट लागली. तिची एकूण लांबी सुमारे साडेचार किलोमीटर भरली. पुढची वळणे चालणाऱ्याला आधी कळत नाहीत. ही रचना उमगते ती पायांनाच. निकोलस सॉन्डर्स यांच्यासह त्यांनी २०१२ साली हा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रदक्षिणा आणि परिक्रमा ज्यांच्या परिचयाच्या आहेत, त्या मराठी वाचकाला चालणे हेच पूजन असू शकते, ही कल्पना अवघड वाटू नये.

तिसरी गोष्ट पाण्याची. अँथनी अवेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पठारावरील सरळ रेषा जिथून किरणांसारख्या फुटतात अशी ६२ केंद्रे नोंदवली. ही केंद्रे बहुधा टेकड्यांवर आणि नद्यांच्या काठालगत आहेत. रेषांलगत फुटलेल्या भांड्यांचे तुकडे सापडतात. पाल्पा भागातील उत्खननांत स्पाँडिलस नावाचे शिंपलेही मिळाले. हे शिंपले उत्तरेकडील उष्ण समुद्रातले, आणि अँडीज प्रदेशात ते पाऊसपाण्याशी निगडित मानले जात. भुयारी पाणी उताराने शेतापर्यंत आणणारे 'पुकिओ' नावाचे कालवे याच खोऱ्यात आहेत. त्यांची गोगलगाईच्या शंखासारखी वळत खाली उतरणारी तोंडे आजही पाहायला मिळतात आणि त्यांतले काही अजून शेतीला पाणी देतात. ज्या कोरडेपणाने या रेषा टिकवल्या, तोच कोरडेपणा त्यांच्या निर्मितीमागेही असावा. पर्वतांकडून येणाऱ्या पाण्यासाठी माणसे या रेषांवरून मिरवणुकीने जात, वाजवीत, भांडी फोडून अर्पण करीत, असे चित्र आज बहुतेक अभ्यासकांना संभवनीय वाटते.

यात अलीकडे महत्त्वाची भर पडली. जपानच्या यामागाता विद्यापीठातील मासातो साकाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने हवाई छायाचित्रे चाळली, जागेवर जाऊन खातरजमा केली आणि २०२४ साली ३०३ नव्या आकृत्या जाहीर केल्या. तोवर ज्ञात असलेल्या आकृत्यांची संख्या ४३० होती. नव्या आकृत्यांपैकी बहुतेक लहान, सरासरी ९ मीटरच्या आहेत. त्यांत माणसे, छाटलेली मुंडकी आणि पाळीव लामा दिसतात, आणि त्या नागमोडी पाऊलवाटांच्या कडेला आहेत. वाटसरूला त्या जाताजाता दिसाव्यात अशा. मोठ्या आकृत्या मात्र रानटी प्राण्यांच्या आहेत आणि सरळ रेषांच्या जाळ्याजवळ आहेत. लहान आकृत्या थोड्या लोकांच्या वापराच्या आणि मोठ्या समूहाच्या विधींच्या, असा या संशोधकांचा तर्क आहे. विमानातून सुरू झालेली ही कथा शेवटी मेहिया शेस्पे यांच्या पायवाटेवरच परत आली, असे म्हणावेसे वाटते.

गूढाची किंमत

परग्रहवासीयांची कथा निरुपद्रवी करमणूक आहे, तिला एवढे गांभीर्याने का घ्यावे, असे कोणी विचारील. कारण या कथेची किंमत कोणीतरी मोजलेली आहे. युरोपातील उत्तुंग चर्च माणसांनी बांधले यावर कोणी शंका घेत नाही. पेरूच्या वाळवंटातील रेषा मात्र तेथील माणसांनी काढल्या, हे पुनःपुन्हा सिद्ध करावे लागते. ज्यांनी दगड उचलले, त्यांच्याच हातून ते श्रेय काढून घेतले जाते.

दुसरी किंमत प्रत्यक्ष जमिनीला मोजावी लागते. जी वस्तू आकाशातून पाहायची, तिच्या जमिनीकडे दुर्लक्ष होते. पॅन-अमेरिकन महामार्ग बांधताना १८० मीटर लांबीच्या सरड्याच्या आकृतीचे दोन तुकडे झाले. २०१४ साली ग्रीनपीस संघटनेच्या कार्यकर्त्यांनी हमिंगबर्डच्या आकृतीशेजारी आकाशातून वाचता येईल असा संदेश मांडला आणि त्यांच्या पावलांनी तेथील पृष्ठभागाची हानी झाली. २०१८ साली एक मालट्रक रस्ता सोडून रेषांवरून गेला. २०२५ साली पेरूच्या शासनाने संरक्षित क्षेत्र ५६०० चौरस किलोमीटरवरून सुमारे ३२०० वर आणण्याचा निर्णय घेतला. टीकेनंतर काही दिवसांतच तो मागे घ्यावा लागला.

आपल्याकडेही याला जवळचे उदाहरण आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील जांभ्या दगडाच्या सड्यांवर कोरलेली कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे. तंत्र वेगळे, काळ वेगळा, आणि नाझकाशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. तरी 'इतके मोठे चित्र कोणाला दिसावे म्हणून?' हा प्रश्न येथेही लगेच विचारला जातो. उत्तर शोधण्याची पद्धतही तीच असावी लागेल : सड्यावर चालत जाणे, ज्यांची गुरे तिथे चरतात त्यांना विचारणे, आणि जमिनीवर जे शिल्लक आहे ते मोडण्याआधी नोंदवणे.

नाझकाच्या सर्व रेषांचा अर्थ लागला आहे असे नाही. माकडच का, कोळीच का, याची खात्रीलायक उत्तरे मिळणे अवघड आहे, कारण ती माणसे लिहून ठेवणारी नव्हती. पण 'त्यांनी हे का केले' असे विचारताना आपण माणसांविषयी विचारत आहोत, एवढे भान सुटू नये. पाण्याची वाट पाहत, उन्हात वाकून, एकेक दगड बाजूला ठेवणारी ती माणसे होती. असो.