उकिरड्यातली ऊब

बुरशी म्हटली की आपल्याला शिळी भाकरी आणि पावसाळ्यातली ओली भिंत आठवते. अशा क्षुद्र जिवापासून माणसाला भय ते काय, असे वाटणे स्वाभाविक आहे. आणि बहुतेक बुरशींच्या बाबतीत ते खरेही आहे. आपल्या देहाची ३७ अंशांची ऊब त्यांना सोसत नाही. ती ऊब म्हणजे आपली तटबंदीच होय. परंतु काही मोजक्या जातींना हा तट अडवू शकत नाही. त्यांचाच इतिहास येथे पाहावयाचा आहे.

शेणखताचा उकिरडा आतून तापलेला असतो, हे शेतकऱ्याला ठाऊक असते. कुजण्याच्या क्रियेतून ही उष्णता निघते. ‘अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस’ नावाची बुरशी अशा ढिगात ५० अंशांपर्यंतच्या उष्णतेतही वाढते. उकिरड्याचा ताप सोसलेल्या या जिवाला माणसाचा देह काय किंवा ४० अंशांहून गरम असा पक्ष्याचा देह काय, दोन्ही सारखेच.

पक्ष्यांच्या फुप्फुसातील बुरशीची नोंद मेयर व एमर्ट यांनी १८१५ सालीच केली होती. माणसातील रोगाचे वर्णन विर्खो याने १८५६ साली केले. पुढे १८६३ साली फ्रेझेनियस याने या बुरशीला आजचे नाव दिले. ती त्याला आपल्या माळढोकाच्या युरोपीय भाऊबंदाच्या फुप्फुसात सापडली होती. १८९० साली पॅरिसमध्ये, कबुतरांना आपल्या तोंडाने दाणे भरविणाऱ्या मजुरांत हा रोग आढळला. बुरसटलेल्या चाऱ्यामुळे गाई गाभटतात, त्यामागेही पुष्कळदा हीच बुरशी असते.

दुसरे घराणे म्युकरचे. भाकरीवरची बुरशी याच घराण्यातली. माणसातील तिचा रोग पाल्टाउफ याने १८८५ साली वर्णिला. तो विरळाच राहिला. पण २०२१ साली, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, महाराष्ट्रात त्याने थैमान घातले. आपल्या घाटी रुग्णालयातही हे रुग्ण आले. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून रक्त अडविते. मांस मरते व काळे पडते. ‘काळी बुरशी’ हे नाव पडले ते यामुळे. बुरशी स्वतः काळी नव्हे. कित्येकांचा जबडा किंवा डोळा काढावा लागला. अ‍ॅम्फोटेरिसिन या औषधासाठी नातेवाईक वणवण फिरले.

असे का झाले? देवगिरीचा तट अभेद्य होता. परंतु १२९६ च्या वेढ्यात धान्य म्हणून भरलेल्या पोत्यांत मीठ निघाले आणि किल्ला पडला, असे सांगतात. येथे मिठाच्या जागी साखर होती. रक्तातील साखर बेसुमार वाढली, त्यात स्टेरॉइडे दिली गेली, आणि रक्तातील पांढऱ्या पेशींची शिबंदी दुबळी झाली. बुरशीचे बीज तर हवेत सदैवच असते. ते एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाही. ज्याची शिबंदी ढिली, तेथे ते शिरते.

हवेतील बीज आपण नाहीसे करू शकत नाही. पण साखर वेळीच तपासणे, स्टेरॉइडे डॉक्टरांनी सांगितली तेवढीच व तेवढेच दिवस घेणे, बुरसटलेला चारा गाईपुढे न टाकणे, हे सर्वस्वी आपल्या हातचे आहे. किल्ल्याची पोती वेढा पडण्याआधीच उघडून पाहावयाची असतात.