खाणकामगाराची लेक

जात्यावर बसून आपल्या आज्यांनी माहेर, सासर, सगळं ओवीत गायलं. कष्टाचं गाणं करण्याची रीत इतर देशांतल्या बायकांनीही जपली आहे. आज आपण अमेरिकेतल्या अशाच एका गाण्याचा इतिहास पाहू.

केंटकी राज्यात, डोंगरांच्या घळीत बुचर हॉलो नावाची वस्ती आहे. तिथं १९३२ साली लोरेटा जन्मली. आठ भावंडांत ती दुसरी. वडील कोळशाच्या खाणीत कामाला. भिंतीच्या फटींतून वारा येऊ नये म्हणून आई मासिकांची पानं चिकटवायची. पंधराव्या वर्षी लोरेटाचं लग्न झालं आणि ती माहेरापासून हजारो मैल दूर गेली. नवऱ्यानं आणून दिलेल्या स्वस्त गिटारवर ती स्वतःच शिकली. १९६० साली तिचं पहिलं गाणं निघालं. ते ऐकायला वडील नव्हते. ते आदल्याच वर्षी वारले होते.

पुढं तिनं आईवडिलांवर गाणं लिहिलं, 'कोल मायनर्स डॉटर', म्हणजे खाणकामगाराची लेक. १९७० साली ते बाहेर आलं आणि तिथल्या गावाकडच्या, म्हणजे 'कंट्री' गाण्यांच्या यादीत पहिलं ठरलं. त्यात आहे काय? वडील रात्री खाणीत आणि दिवसा मक्याच्या शेतात. कपडे घासून घासून आईच्या बोटांतून रक्त. उन्हाळाभर पोरं अनवाणी. हिवाळ्यात डुक्कर विकून आलेल्या पैशांतून बूट. पण गाण्यात रडगाणं नाही. घरात पैसा नव्हता, माया होती, आणि ती माया या कामांतूनच दिसायची. खाणकामगाराची मुलगी असल्याचं लोरेटा अभिमानानं सांगते.

आम्हाला यात मोठी गोष्ट दिसते. मायेनं गरिबी गेली नाही. बूट घ्यायला डुक्कर विकावंच लागलं. पण मायेमुळे त्या घरातली पोरं मनानं मोडली नाहीत. म्हणून गरिबी गोड मानायची असंही नाही. याच लोरेटानं १९७५ साली गर्भनिरोधक गोळीवर गाणं काढलं, तेव्हा कितीतरी रेडिओ केंद्रांनी ते वाजवायला नकार दिला. तरी ते लोकांपर्यंत पोचलं. २०२२ साली ती वारली, पण तिच्या आईचे कष्ट जगाला ठाऊक झाले.

मूळ गाणं याहून लांब होतं. ध्वनिमुद्रणाच्या वेळी काही कडवी गाळावी लागली. आपल्या घरांतलीही किती कडवी अशी गळून जातात! गटाच्या वहीत आपण बचत आणि हप्ता पैशापैशानं लिहितो. पण शेळी विकून लेकीची फी कुणी भरली, रात्रीचं पाणी द्यायला शेतात कोण गेलं, हे कुठंच लिहिलेलं नसतं.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की प्रत्येकीनं आपल्या आईचं एक काम सांगूया. जिला लिहिता येतं तिनं ते लिहून घ्यायचं. वहीची शेवटची पानं तशीही कोरीच असतात.